गोष्टीतली आडनावे

तुमच्या वर्गाचे हजेरीपुस्तक एकदा लक्षपूर्वक वाचून पाहा. शेख, खान, सय्यद ही नावे त्यात भेटतीलच. पण त्यांच्या जोडीला अत्तार, बागवान, तांबोळी, शिकलगार, पिंजारी, काझी, इनामदार अशीही आडनावे असतील. शाळा कोकणातील असेल, तर गावाच्या नावाला ‘कर’ जोडून झालेली आडनावेही आढळतील. अत्तार घराण्यात कोणे एके काळी अत्तरे विकली जात. तांबोळी पाने विकत, शिकलगार तलवारींना आणि सुऱ्यांना धार लावत, पिंजारी कापूस पिंजत. आज त्या घरातला मुलगा बँकेत नोकरी करत असेल, मुलगी डॉक्टर झाली असेल. धंदा गेला, पण त्याची खूण नावात राहिली.

अशी आडनावे कोणी एका दिवशी बसून तयार केलेली नसतात. ती लोकांच्या तोंडी घडतात, झिजतात, कधी कधी ओळखू येणार नाहीत इतकी बदलतात. मग विचार करा, एखादा लेखक जेव्हा सगळे जगच मनाने निर्माण करतो, ज्या जगात जादूगार आहेत, बुटके लोक आहेत, बोलणारी झाडे आहेत, तेव्हा तिथल्या माणसांना तो आडनावे कोठून आणत असेल? कानाला गोड लागणारी चार अक्षरे जोडून काम भागेल का?

काही वेळा भागते. जे. के. रोलिंग या इंग्रज लेखिकेची हॅरी पॉटरची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी वाचली किंवा पडद्यावर पाहिली असेल. तिचा पहिला भाग 1997 साली प्रसिद्ध झाला. पॉटर म्हणजे सरळसरळ कुंभार. हॅरीची मैत्रीण हर्मायनी हिचे आडनाव ग्रेंजर. शेतीवाडीचा कारभार पाहणाऱ्याला जुन्या इंग्रजीत हा शब्द होता. शाळेचे मुख्याध्यापक डंबलडोर यांचे आडनाव म्हणजे तर चक्क भुंगा! भुंग्यासाठी इंग्लंडमध्ये हा एक जुना शब्द आहे. स्वतःशीच काही गुणगुणत फिरणारा म्हातारा डोळ्यांपुढे होता, म्हणून हे नाव दिले, असे लेखिकेने सांगितले आहे. स्नेप हे इंग्लंडमधील एका खेड्याचे नाव आहे. आणि मॅल्फॉय या आडनावात फ्रेंच भाषेतील ‘वाईट’ आणि ‘इमान’ या अर्थाचे दोन शब्द लपलेले आहेत. म्हणजे मॅल्फॉय घराण्यातला मुलगा तोंड उघडण्याआधीच आपण त्याला बेइमान ठरवून मोकळे होतो. ही रीत मजेदार आहे खरी, पण मला ती थोडी सोपी वाटते. खऱ्या जगात दुष्ट माणसाचे आडनाव दुष्ट नसते.

या बाबतीत ज्याने सर्वांत जास्त कष्ट घेतले, तो लेखक म्हणजे जॉन रोनाल्ड रूएल टॉल्किन. त्यांचा जन्म 1892 साली दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. बालपण इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराजवळ गेले. 1919 मध्ये, पहिल्या महायुद्धातून परत आल्यावर, त्यांनी ऑक्सफर्डच्या प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोशात नोकरी धरली. तेथे ते डब्ल्यू या अक्षरापासून सुरू होणाऱ्या शब्दांची कुळे शोधत बसत. पुढे 1925 पासून ते ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राध्यापक होते, आणि विषय होता इंग्रजी भाषेचे अतिप्राचीन रूप. अशा माणसाच्या हाती नाव म्हणजे सोनाराच्या हाती सोने. कस लावून पाहिल्याशिवाय ते नाव वापरत नसत.

त्यांची ‘द हॉबिट’ ही कादंबरी 1937 मध्ये आली आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही तीन भागांची कादंबरी 1954 आणि 1955 या वर्षांत आली. त्यांतील कथा थोडक्यात अशी. हॉबिट नावाचे कमरेएवढ्या उंचीचे लोक शायर नावाच्या हिरव्यागार मुलुखात सुखाने राहतात. टेकडीत खोदलेली उबदार घरे, बागा, दिवसातून अनेकदा जेवण, असा त्यांचा संसार. त्यांच्यातील बिल्बो बॅगिन्स याला एक जादूची अंगठी सापडते. ती दुष्ट शक्तीची अंगठी निघते, आणि तिचा नाश करण्याची जबाबदारी बिल्बोचा वारस फ्रोडो बॅगिन्स याच्यावर येऊन पडते. त्याच्या सोबतीला घरचा माळी सॅम गॅमजी निघतो.

आता बॅगिन्स हेच आडनाव घ्या. इंग्रजीत बॅग म्हणजे पिशवी, हे तुम्हांला माहीत आहे. बॅगिन्सांच्या घराचे नाव बॅग एंड, म्हणजे पिशवीचे टोक. हे नाव टॉल्किन यांना आयते मिळाले होते. वूस्टरशायर परगण्यात त्यांच्या मावशीचे शेत होते. ते एका गल्लीच्या अगदी शेवटी होते. पुढे रस्ताच नव्हता. त्या शेताला आसपासचे लोक बॅग एंड म्हणत. शिवाय उत्तर इंग्लंडमधील बोलीत ‘बॅगिंग’ म्हणजे दोन जेवणांच्या मध्ये खायचा फराळ. खाण्यापिण्याची आवड असलेल्या आणि घर सोडायला नाखूश असलेल्या घराण्याला याहून शोभणारे आडनाव कोणते असणार?

या घराण्याची एक दुसरी शाखा आहे, सॅकव्हिल-बॅगिन्स. बॅग एंड हे घर आपल्याला मिळावे म्हणून ही मंडळी वर्षानुवर्षे टपून बसलेली असतात. सॅक म्हणजेही पिशवीच, आणि व्हिल हा फ्रेंच शब्द, अर्थ शहर. सॅकव्हिल हे इंग्लंडमधील एका खऱ्या उमराव घराण्याचे आडनाव आहे. म्हणजे साध्या पिशवीला एक खानदानी पिशवी जोडली आणि जोडआडनाव मिरवले! बडेजाव मिरवणाऱ्या नातेवाइकांची एवढी नेमकी थट्टा एका आडनावात झाली आहे. इंग्रज वाचक ते वाचताच हसतो. दुसऱ्या भाषेतला वाचक मात्र हसत नाही, कारण त्याच्यापर्यंत पिशवी पोहोचतच नाही.

येथूनच अनुवादाची मोठी अडचण सुरू झाली. 1956 मध्ये या पुस्तकाचा डच भाषेत अनुवाद होत होता. अनुवादकाने गावांची आणि माणसांची नावे आपल्या भाषेत बदलली. ती यादी पाहून टॉल्किन संतापले. नावांना हात लावू नये, असे त्यांनी प्रकाशकाला ठणकावून लिहिले. पुढे मात्र त्यांनी वेगळा विचार केला. अनुवाद होतच राहणार, तर तो निदान नीट व्हावा, म्हणून 1967 च्या सुमारास त्यांनी अनुवादकांसाठी नावांची एक मार्गदर्शिका लिहून काढली. कोणते नाव अर्थ पाहून बदलावे, कोणते जसेच्या तसे ठेवावे, हे तीत एकेक नाव घेऊन सांगितले आहे. त्यांच्या मृत्यूनंतर, 1975 मध्ये, ती छापून प्रसिद्ध झाली.

बॅगिन्सविषयी त्यांचे सांगणे होते, की नवीन नावात पिशवी आलीच पाहिजे. म्हणून जर्मन भाषेत बॅगिन्स झाला बॉयटलिन, कारण जर्मनमध्ये पिशवीला बॉयटेल म्हणतात. स्पॅनिश भाषेत ‘बोल्सा’वरून तो बोल्सोन झाला. फ्रेंच अनुवादात तो साके झाला. त्या शब्दातही पिशवीच आहे. आता तुम्ही प्रयत्न करून पाहा. मराठीत बॅगिन्सला काय म्हणाल? ‘पिशवे’ म्हणावे, तर कानाला ‘पेशवे’ ऐकू येते आणि फ्रोडो एकदम शनिवारवाड्यात जाऊन बसतो! ‘थैलकर’ म्हणावे, तर थैल नावाचे एखादे गाव असावे असे वाटते आणि थैली मागे पडते. ‘झोळे’ मला बरे वाटते, पण झोळी म्हटली की फकीर आठवतो, आणि बॅगिन्स घराणे तर खाऊनपिऊन सुखी आहे. तुम्हांला मराठी आणि उर्दू अशा दोन्ही भाषा येतात, म्हणून या कामात तुमची गती इतरांपेक्षा दुप्पट असायला हवी.

आता माळ्याकडे वळू. सॅमचे आडनाव गॅमजी. त्याच्या मुळाशी पुन्हा बर्मिंगहॅम आहे. तेथे जोसेफ सॅम्पसन गॅमजी नावाचे शल्यविशारद होऊन गेले. जखमेवर बांधण्यासाठी त्यांनी 1880 मध्ये एक नवीन पट्टी तयार केली. जाळीदार कापडाच्या दोन थरांमध्ये कापूस घातलेली ही पट्टी ‘गॅमजी टिश्यू’ या नावाने प्रसिद्ध झाली. टॉल्किन यांच्या लहानपणी बर्मिंगहॅममध्ये कापसालाच गॅमजी म्हणत. पुढे कॉर्नवॉलच्या समुद्रकिनाऱ्यावर सुट्टी घालवताना त्यांना एक म्हातारा दिसे. पावसापाण्याचे अंदाज सांगत आणि गावगप्पा करत तो दारोदार हिंडे. मुलांना हसवण्यासाठी टॉल्किन यांनी त्याचे नाव ठेवले गॅफर गॅमजी, म्हणजे गॅमजीबाबा. हाच गॅमजीबाबा पुढे कादंबरीत सॅमचा बाप होऊन आला.

पण टॉल्किन येथेच थांबले नाहीत. मुलांसाठी केलेली थट्टा आता त्यांना आपल्या जगात रुजवायची होती. त्यांनी या आडनावाला एक पूर्वज गाव दिले. त्या गावाचे नाव गॅमविच. लंडनमधील ग्रिनिच या ठिकाणाचे नाव लिहितात एक आणि उच्चारतात दुसरे, हे तुम्ही भूगोलात ऐकले असेल. तसेच गॅमविचचा उच्चार झाला गॅमिज. त्या गावचे लोक झाले गॅमिजी, आणि घासता घासता झाले गॅमजी. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ लागतो, उर्दूत देहलवी, लखनवी, मुरादाबादी अशी निस्बत लागते, तसाच हा प्रकार. एका गमतीच्या नावाला लेखकाने रीतसर वंशावळ जोडून दिली.

सॅमचे लग्न रोझी कॉटन या मुलीशी होते. गॅमजी म्हणजे कापूस, कॉटन म्हणजेही कापूस! तुम्हांला वाटेल, लेखकाने मुद्दाम जुळवून आणले. पण टॉल्किन यांनी पुस्तकाच्या परिशिष्टात स्पष्ट केले आहे, की असा विनोद करण्याचा आपला हेतू नव्हता. मात्र हॉबिटांना तो आवडला असता. कॉटन या आडनावाचा कापसाशी काही संबंध नाही. ‘कॉट’ म्हणजे झोपडी आणि ‘टन’ म्हणजे वस्ती; झोपड्यांची वस्ती ती कॉटन. इंग्लंडमध्ये या अर्थाची गावे आहेत आणि त्यांवरून पडलेली आडनावेही आहेत.

मार्च 1956 मध्ये टॉल्किन यांना एक पत्र आले. पत्र लिहिणारे गृहस्थ लंडनचे होते आणि त्यांचे खरेखुरे आडनाव गॅमजी होते. त्यांच्या घरी रेडिओ नव्हता, पण रेडिओवर चाललेल्या या कथेत आपले नाव येते, असे त्यांना लोकांकडून कळले होते. हे नाव तुम्हांला कसे सुचले, एवढेच त्यांना विचारायचे होते. टॉल्किन यांनी सविस्तर उत्तर लिहिले आणि आपल्या पुस्तकाचे तिन्ही भाग सही करून भेट पाठवले. कादंबरीत गॉलम नावाचा एक घाणेरडा, चोरटा प्राणी आहे. आता गॉलम आडनावाच्या एखाद्या माणसाचेही पत्र येईल की काय, अशी धास्ती आपल्याला वाटत होती, असे टॉल्किन यांनी नंतर गमतीने नोंदवून ठेवले आहे.

कादंबरीच्या शेवटी शायर उजाड झालेले असते. झाडे तोडलेली, बागा उखडलेल्या. सॅम गावोगाव हिंडून रोपे लावतो आणि शायर पुन्हा हिरवे करतो. लोक त्याला सात वेळा नगराध्यक्ष निवडून देतात. आणि पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या वंशावळीत एक बदल दिसतो. त्याच्या थोरल्या मुलाचे नाव फ्रोडो गॅमजी असे नाही. ते आहे फ्रोडो गार्डनर. गार्डनर म्हणजे माळी. बाप दुसऱ्याच्या बागेत चाकरी करत होता. मुलगा तीच चाकरी आडनाव म्हणून मानाने लावतो. जे काम खालच्या पायरीचे समजले जात होते, तेच घराण्याची शान झाले. कादंबरीतील सारी युद्धे विसरली, तरी ही एक ओळीची नोंद मी विसरत नाही.

शायरच्या पूर्वेला ब्री नावाचे गाव आहे. तिथल्या माणसांची आडनावे वनस्पतींवरून पडलेली. सरायचा मालक बटरबर. ही जाड देठाची, भल्यामोठ्या पानांची वनस्पती आहे आणि मालकही तसाच जाडजूड. त्याच गावातील बहुतेक हॉबिटांची आडनावे मात्र वेगळ्या धर्तीची आहेत. फ्रोडो जेव्हा शत्रूपासून लपत ब्रीला पोहोचतो, तेव्हा त्याने खोटे आडनाव घेतलेले असते, अंडरहिल, म्हणजे टेकडीखालचा. दुर्दैवाने, की सुदैवाने, त्या गावात अंडरहिल घराण्याची पुष्कळ माणसे निघतात. आडनाव एक आणि नाते नाही, हे त्यांच्या कल्पनेतच बसत नाही. ते फ्रोडोला दूरचा भाऊ समजून गळ्यात पडतात. ज्याला कोणाच्या नजरेत यायचे नाही, त्याला एवढे नातेवाईक एकदम मिळावेत! अनोळखी गावात आपल्याच आडनावाचा माणूस भेटला, की आपणही आधी गाव विचारतो आणि मग चहा.

या पुस्तकात एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. हॉबिट आणि ब्रीचे गावकरी सोडले, तर बहुतेकांना आडनावच नाही. राजे, योद्धे, खुजे आणि दिव्य लोक ‘अमक्याचा मुलगा तमका’ अशी ओळख देतात, किंवा पराक्रमावरून पडलेले नाव लावतात. थोरिन नावाचा खुजा राजपुत्र लढाईत ढाल तुटल्यावर ओकच्या झाडाची फांदी ढालीसारखी धरून लढला, म्हणून त्याला ओकनशील्ड म्हणू लागले. तुमच्या दास्तानांतही असेच आहे. ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ आठवा. अमीर हमजा यांना साहिबकिरान हा किताब आहे, अमर हा अय्यार आहे. पण आडनाव कोणालाच नाही. किताब दरबारात मिळतो, आडनाव गल्लीत आणि शेतात पडते. टॉल्किन यांनी या दोन्ही पद्धती एकाच पुस्तकात शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, आणि एका माणसाच्या नावात त्या एकत्र आणल्या आहेत.

तो माणूस म्हणजे ॲरागॉर्न. तो प्राचीन राजवंशाचा वारस आहे, पण राज्य केव्हाच गेलेले. मळक्या कपड्यांत तो रानोमाळ हिंडतो आणि सीमेचे रक्षण करतो. ब्रीच्या लोकांना याची काहीच कल्पना नसते. चिखलाने भरलेले उंच बूट घालून लांब लांब ढांगा टाकत जाणारा हा भटक्या त्यांना संशयास्पद वाटतो. ते त्याला स्ट्रायडर म्हणतात, म्हणजे ढांगा टाकणारा. मराठीत ‘ढांग्या’ म्हटले, तर त्या शब्दातील हेटाळणी तुम्हांला बरोबर कळेल. सरायमालक बटरबर तर फ्रोडोला अशा माणसापासून दूर राहायला सांगतो.

युद्ध जिंकल्यानंतर हाच ॲरागॉर्न राजा होणार असतो. राजधानीत उमरावांसमोर एक लहानगा हॉबिट त्याला जुन्या सवयीने स्ट्रायडर अशी हाक मारतो. एका सरदाराला हे खटकते. राजाशी असे बोलतात का, असे तो म्हणतो. ॲरागॉर्न रागावत नाही. हेच नाव माझ्या घराण्याचे नाव होईल, असे तो सांगतो. फक्त ते प्राचीन राजभाषेत घेतले जाईल. त्या भाषेत ढांगा टाकणाऱ्याला टेलकोंटार म्हणतात. सिंहासनावर बसल्यावर त्याला कोणतेही भारदस्त नाव घेता आले असते; वंशावळीत पराक्रमी राजांची काही वाण नव्हती. पण सरायच्या कोपऱ्यातल्या गावकऱ्यांनी नाक मुरडून दिलेले नाव त्याने आपल्या मुलानातवंडांसाठी निवडले. त्याचा मुलगा, त्याचा नातू, सारे टेलकोंटार घराण्याचे झाले. आणि ब्रीच्या सरायमध्ये बटरबर मात्र, आपण कोणाची चेष्टा करत होतो हे कळल्यावर, कपाळाला हात लावून बसला.